गॅरेजवाल्याने गाडीच्या विम्याच्या क्लेम फॉर्मवर "उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने ठोकले" असं लिहिलंय. आता काय करू?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. जरा घाईत आणि घाबरून लिहितोय, सांभाळून घ्या.

कालचा नाही, त्याच्या आधीचा रविवार. कोल्हापूरहून पुण्याला परत येत होतो. पुढे मी आणि बायको, मागे आई आणि धाकटा. खंबाटकीचा बोगदा उतरून शिरवळच्या अलीकडे पुढच्या ट्रॅव्हल्सने एकदम ब्रेक मारला. मीही मारला. मी थांबलो, माझ्यामागचा टेंपो थांबला नाही. डिकीचा दरवाजा आत गेला, मागची काच फुटली, बंपर एका बाजूने लोंबायला लागला. आईच्या केसांत काचेचा चुरा, पण कोणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब.

टेंपोवाला पोरगा विशीतला. हात जोडून उभा, "मालक कामावरनं काढंल". पाच मिनिटांत दहा माणसं जमली आणि दहाही जणांनी निकाल दिले. शेवटी तीन हजारांवर मिटलं. त्याने तिथेच यूपीआयने पाठवले. मी चार फोटो काढले, बंपर दोरीने बांधला, काचेच्या जागी चादर लावली आणि घरी आलो.

सोमवारी गाडी गॅरेजला टाकली. इस्टिमेट निघालं ६३,०००! तीन हजारांत मी काय मिटवलं होतं ते तेव्हा कळलं. तिथला माणूस म्हणाला, "सर, तुम्ही फक्त सही करा, फॉर्म आम्ही भरतो, कंपनीला इंटिमेशनपण आम्हीच टाकतो." मी केली सही. कोऱ्या फॉर्मवर. (इथे मला शिव्या घालून घ्या, मग पुढचं वाचा.)

गुरुवारी सर्व्हेअर (विमा कंपनीने नेमलेला नुकसान तपासनीस) बघून गेला. आज कंपनीचा मेल आलाय: दाव्यात नमूद घटना आणि सादर छायाचित्रे यांत विसंगती आढळते, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. फॉर्मची प्रत मागवली तर त्यात तारीख बरोबर, पण वेळ रात्रीचे दहा, ठिकाण आमच्या सोसायटीचं गेट, आणि वर्णन "उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने मागून ठोकले". आणि मी पाठवलेल्या फोटोंत मे महिन्याचं संध्याकाळचं ऊन, मागे हायवे आणि रसवंतीची पाटी.

गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणतो, "सगळ्यांचं असंच लिहितो सर. टेंपोचा नंबर टाकला की कंपनी पोलिसांचा कागद मागते, लांबतं. तुम्ही सांगा ठोकलं रात्रीच, फोटो दुसऱ्या दिवशी काढले."

काय करू?

एसटीप्रेमी | सोमवार, रात्री १०:३१

म्हणून म्हणतो, लालपरीने यावं. ठोकली तरी फॉर्म महामंडळ भरतं.

रंकाळा | सोमवार, रात्री १०:४०

भावा, घाबरू नको. पण गॅरेजवाल्याचं ऐकून दुसरी लोणकढी मारू नको. एक खोटं त्यानं लिवलं, दुसरं तू लिवशील, ते मात्र तुझ्या सहीनं जाईल. पहिलंपण तुझ्याच सहीनं गेलंय म्हणा.

चाकोरीबाहेर | सोमवार, रात्री ११:०५

मी वेगळं सांगतो. माझे दोन क्लेम असेच "उभी गाडी" लिहून पास झालेत. भारतात सगळेच करतात. फोटो दुसऱ्या दिवशी काढले म्हणून मोकळे व्हा. उगाच सत्यवान बनायला जाल आणि ६३ हजार खिशातून भराल.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ६:२०

तीस वर्षं सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. चाकोरीबाहेर, तुमचे दोन क्लेम बंपर ओरखड्याचे असतील. तिथे कोणी खोलात जात नाही. इथे डिकी आत गेली आहे.

कृष्णाकाठ, तुमचा सर्व्हेअर काय बघून गेला ते मी न बघता सांगतो. उभ्या गाडीला सोसायटीच्या गेटवर कोणी ठोकलं तर ते वळताना किंवा रिव्हर्स घेताना, म्हणजे कोपऱ्याला, तिरकं, कमी जोराने. तुमच्या गाडीला सरळ मागून मार आहे. टेंपोच्या बंपरची उंची गाडीच्या बंपरपेक्षा जास्त, म्हणून तुमचा बंपर नुसता सुटला आणि दरवाजा मात्र चेपला. तिथे टेंपोचा रंग लागलेला असणार, तो त्याने नखाने खरवडून पाहिला असणार. आम्ही सगळे तेच करतो. आणि गाडी उभी असताना काच फुटली तर चुरा सीटवर आणि डिकीत जसाच्या तसा सापडतो. तुम्ही पन्नासेक किलोमीटर गाडी चालवत आणलीत, चुरा पार पुढच्या सीटखाली गेला असेल. ही गाडी ठोकल्यावर चालली आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल.

शिवाय तुमचा फास्टॅग. त्या दिवशी आनेवाडीच्या आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर किती वाजता पैसे कापले गेले ते एका मेसेजमध्ये दिसतं. रसवंतीची पाटी तर सोडाच.

आता मुख्य. तुमचा अपघात खरा आहे, लायसन्स आहे, पॉलिसी चालू आहे. खरं लिहिलं असतं तरी हा क्लेम बसत होता! मागून ठोकलं म्हणजे तुमची चूकही नाही, आणि स्वतःच्या चुकीने ठोकलं असतं तरी ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) मिळतंच. गॅरेजवाल्याने विनाकारण खरा क्लेम खोटा करून ठेवला. आजच्या आज सविस्तर खुलासा द्या, खरा.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ८:०२

काका, अगदी तसंच आहे. दरवाज्यावर हिरवा पट्टा आहे. आणि काल बायकोची चप्पल झाडली तर पुढच्या सीटखालून काच निघाली.

पण खरं लिहिलं तर मीच आधी खोट्यावर सही केली हे कबूल केल्यासारखं नाही का होणार? आणि ते तीन हजार घेतल्याचं सांगायचं का?

पुढचीतारीख | मंगळवार, दुपारी १:१५

वकील आहे, मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

कबूल करावं लागेलच. ते तुम्ही स्वतःहून केलं आणि कंपनीने तुम्हाला पकडलं, यात फार अंतर आहे. कंपनीने अजून नाकारलेलं नाही, विचारलंय. खुलासा तीन परिच्छेदांत बसेल. पहिल्यात काय झालं: तारीख, वेळ, जागा, कोण चालवत होतं, गाडीत कोण होतं, टेंपोचा नंबर. दुसऱ्यात: फॉर्ममधला मजकूर माझ्या हातचा नाही, कोऱ्या फॉर्मवर सही केली ही माझी चूक, तो मजकूर मागे घेतो आहे. तिसऱ्यात पुरावे: मूळ फोटो (व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत, त्यात वेळ-जागेची माहिती उडते), फास्टॅगची नोंद, यूपीआयची पावती. गॅरेजवाल्याला शिव्या पत्रात नकोत, त्या इथे द्या.

तीन हजार सांगायचेच. तुमच्या पॉलिसीच्या अटींमध्ये दुसऱ्या क्रमांकाची अट वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, तडजोड, देवाणघेवाण करायची नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. आपल्याकडे रस्त्यावरची मांडवली ही पहिली गोष्ट होते आणि पॉलिसी ती करू नका म्हणते. कारण सरळ आहे: कंपनीने तुम्हाला भरपाई दिली की टेंपोवाल्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच "मिटलं" म्हटलंत तर त्यांनी काय वसूल करायचं? त्याला काही लिहून दिलंय का?

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

नाही, काहीच लिहून दिलं नाही. यूपीआयच्या शेऱ्यात त्यानेच "गाडी नुकसान" लिहिलंय. वेळ संध्याकाळी ६:३४.

पुढचीतारीख | मंगळवार, दुपारी १:४८

मग ती पावती तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. अपघात झाला, त्या दिवशी झाला, कोणाच्या वाहनाने झाला, तिन्ही गोष्टी एका ओळीत. जोडा.

साबुदाणा | मंगळवार, दुपारी ४:३०

मध्येच विचारते, चूक समोरच्याची असेल तर आपण आपल्या कंपनीकडे का जायचं? त्याच्या विम्यातून का नाही घ्यायचं? आपला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) का घालवायचा?

पुढचीतारीख | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

साबुदाणाताई, घेता येतं, पण थेट त्याच्या कंपनीला फोन करून नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पोलिसांचे कागद लागतात, तारखा लागतात. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी थर्ड पार्टी कव्हर साडेसात लाखांपर्यंत असतं, पण साठ हजारांच्या डिकीसाठी कोणी ती पायरी चढत नाही. माणूस जखमी झाला किंवा गेला तर मात्र तोच रस्ता आहे, आणि २०२२ च्या एप्रिलपासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. हे फार लोकांना माहीत नसतं. दिवस-पाणी होईपर्यंत दोन महिने गेलेले असतात.

सॅनहोजेकर | बुधवार, पहाटे ५:५०

इकडे कॅलिफोर्नियात नेमकं उलटं. इथे समोरच्याच्या विमा कंपनीकडे थेट क्लेम करता येतो. मला गेल्या वर्षी सिग्नलला मागून एकाने ठोकलं. रस्त्यावर दोघांनी एकमेकांच्या इन्शुरन्स कार्डाचे फोटो काढले, आवाज चढवला नाही, पाच मिनिटांत दोघे आपापल्या वाटेला. मला ते इतकं अळणी वाटलं की घरी येऊन बायकोशी भांडलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीचा फोन: "तुमचं म्हणणं रेकॉर्ड करू का?" तिथे जपून बोलावं लागतं, "सॉरी" हा शब्दसुद्धा गिळावा असं सगळे बजावतात. आणि कोणी जखमी असेल किंवा कोणाचंही नुकसान हजार डॉलरच्या वर असेल तर दहा दिवसांत वाहन खात्याला एसआर-१ नावाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. पोलीस आले होते, विम्याला कळवलं होतं, तरीही. माझ्या मित्राचा तो राहिला आणि लायसन्स निलंबित व्हायची पाळी आली.

घाटपायथा | बुधवार, सकाळी ९:१५

धागा वाचून स्वतःचं सांगावंसं वाटलं. मागच्या पावसाळ्यात एक दुचाकीवाला माझ्या गाडीला आडवा आला. गुडघा फुटला त्याचा. दवाखान्यात नेलं, पट्टी, इंजेक्शन, बिल मी दिलं, वर दोन हजार हातावर ठेवले. तो म्हणाला, "काही नाही साहेब, जाऊ दे." माझ्या गाडीला ओरखडाही नव्हता. मग विमा कंपनीला कशाला कळवू? पोलिसांना कशाला?

चार महिन्यांनी नोटीस आली. गुडघ्याचा लिगामेंट गेला होता म्हणे, ऑपरेशन झालं. माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, लंगडतच होता. पण माझ्याकडे त्या दिवसाचा एक कागद नाही! ना पोलीस ठाण्यात नोंद, ना कंपनीला मेल. माझ्या बाजूने काय सांगायचं तर फक्त माझी आठवण.

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ११:००

घाटपायथा, नोटीस आल्या आल्या कंपनीला पाठवली ना? ती घरात ठेवायची नसते.

आणि हे सगळ्यांसाठी. आपल्या गाडीला काही झालं नाही म्हणून कळवायचं नाही, हा घोळ फार जुना. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. दुसरा माणूस जखमी झाला तर त्याला उपचार मिळवून द्या, पोलिसांना २४ तासांच्या आत कळवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसन्स. ही कायद्याने चालकावर टाकलेली जबाबदारी आहे. क्लेम करायचा नसला तरी "फक्त माहितीसाठी कळवत आहे" असा मेल टाकता येतो. नुसता कळवल्याने नो क्लेम बोनस जात नाही, पैसे घेतले की जातो.

चाकोरीबाहेर | बुधवार, सकाळी ११:२०

आणि दहा दिवस उशीर झाला तर? पॉलिसीवर "तात्काळ" लिहिलेलं असतं. उशीर झाला म्हणून नाकारतात हे मी स्वतः पाहिलंय. मग लोक तारीख बदलतात. दोष कोणाचा?

पुढचीतारीख | बुधवार, दुपारी १:२०

रास्त प्रश्न. नाकारतात, आणि बऱ्याचदा चुकीचं नाकारतात. आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं) २०११ च्या सप्टेंबरचं परिपत्रक आहे: क्लेम खरा असेल तर केवळ कळवायला उशीर झाला एवढ्यावरून नाकारू नका. सुप्रीम कोर्टाचा २०२० चा गुरशिंदर सिंग निकालही त्याच वाटेने जातो. तो गाडीचोरीचा होता, पोलिसांत लगेच तक्रार झालेली, कंपनीला उशिरा कळवलेलं. थोडक्यात, उशिराचं कारण सांगता येतं. खोट्या तारखेचं कारण सांगता येत नाही.

रंकाळा | बुधवार, दुपारी २:०५

ताई, हे वाक्य मी गॅरेजात फ्रेम करून लावणार बघा.

साबुदाणा | बुधवार, रात्री ९:००

माझ्या जाऊबाईंची गोष्ट. गाडी तिचा मुलगा चालवत होता, शिकाऊ लायसन्सची मुदत संपलेली. फॉर्मवर नाव वडिलांचं लिहिलं. वडील त्या दिवशी नाशिकला लग्नात होते आणि फेसबुकवर फोटो. पुढचं सांगत नाही. जाऊबाई इथे वाचते.

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ६:४५

चालक बदलणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि सगळ्यात जास्त चालणारा. एअरबॅग उघडली असेल तर चालकाच्या हाता-तोंडावर खुणा असतात, सीट किती मागे-पुढे आहे त्यावरून उंची कळते. साडेपाच फुटी वडील आणि सीट पार मागे सरकवलेली, असं मी एकदा पाहिलंय. मी काही बोललो नाही. फक्त म्हटलं, "बसून दाखवता का?" पाय क्लचला पोचेना.

कृष्णाकाठ, पत्र दिलंत का?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९:३०

दिलं. काल रात्री मेल केला, आज शाखेत जाऊन पोचही घेतली. एक पान. लिहायला तीन तास लागले, "कोऱ्या फॉर्मवर सही केली" ही ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली. गॅरेजवाला चिडलाय. "सर, आमचं नाव कशाला मध्ये?" मी त्याचं नाव घेतलंच नाहीये.

आता किती दिवस वाट बघायची?

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी १०:१०

नुकसान पन्नास हजार किंवा वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअरच लागतो, तुमच्याकडे तो आलाच आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय. तुमचं खुलाशामुळे थोडं पुढे-मागे होईल. तोवर काम सुरू करू देऊ नका, जुने सुटे भाग फेकू देऊ नका. नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. (ताई रागावू नका.)

पुढचीतारीख | गुरुवार, दुपारी १:३०

नाही रागावत. लोकपालाकडचे लोक माझ्याकडे आले तर मीच परत पाठवते.

एसटीप्रेमी | गुरुवार, रात्री ८:००

लेखी उत्तराची वाट बघताय तोवर स्वारगेटहून लालपरी आहेच.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ११:४५ (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, मंजूर झाला! सविस्तर लिहितो, कारण "क्लेम पास झाला" म्हणजे सगळे पैसे मिळाले असं मीही समजत होतो.

सर्व्हेअर पुन्हा एकदा आला. या वेळी मला समोर उभं करून विचारलं, मी शिरवळपासून सगळं सांगितलं. त्याने यूपीआयची पावती फोनवर मोठी करून पाहिली आणि हसला. "हे आधी दिलं असतं तर मी पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झालो असतो." पोलिसांचा कागद मागितलाच नाही, कोणी जखमी नव्हतं म्हणून.

आता हिशेब. गाडी तीन वर्षं चार महिन्यांची, झिरो डेप (भाग जुने झाल्याची कपात, म्हणजे घसारा, न लावणारं जादा कव्हर) मी गेल्या नूतनीकरणात वाचवायला म्हणून काढून टाकलं होतं. बंपर ४,८०० चा, प्लास्टिक म्हणून निम्मे कापले, २,४००. टेल लॅम्प ३,४०० चा, तोही प्लास्टिकमध्ये धरला, १,७००. डिकीचा दरवाजा १४,६०० आणि मागचं पॅनेल ५,०००, पत्रा म्हणून या वयाच्या गाडीला २५ टक्के घसारा, म्हणजे १०,९५० आणि ३,७५०. काचेला घसारा नसतो, ६,२०० पूर्ण. मजुरी १३,००० पूर्ण. रंगकाम १६,०००, त्यातला पाव भाग रंगाचा माल धरतात आणि त्याच्यावर निम्मा घसारा, म्हणून १४,०००. झाले ५२,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला), भंगाराचे ५००. राहिले ५०,५००. आणि टेंपोवाल्याचे तीन हजार वजा. हातात आले ४७,५००.

शिवाय ३५ टक्के नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्य.

चाकोरीबाहेर | शनिवार, दुपारी १२:१०

बघा! तीन हजार सांगितले नसते तर वाचले असते.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२:२५

ते तीन हजार माझ्याकडेच आहेत की. कंपनीने कापले तेवढेच त्याने दिलेले. एकूण गाडी दुरुस्तीला मला साडेबारा हजार पडले, आणि ते बहुतेक घसाऱ्याचे.

साबुदाणा | शनिवार, दुपारी ३:००

अभिनंदन! आणि झिरो डेप घ्या आता.

घाटपायथा | शनिवार, संध्याकाळी ५:४०

माझी नोटीस कंपनीने त्यांच्या वकिलाकडे दिली. पहिली तारीख पुढच्या महिन्यात. दवाखान्याचं तेव्हाचं बिल सापडलं, गाडीच्या कप्प्यातच होतं. त्यावर तारीख आहे, आणि नर्सने लिहिलंय, "उजवा गुडघा, खरचटले". दावा डाव्या गुडघ्याचा आहे.

पुढचीतारीख | शनिवार, संध्याकाळी ५:५२

घाटपायथा, ते बिल इथे चढवू नका. मूळ प्रत जपून ठेवा आणि झेरॉक्स काढून उद्याच कंपनीच्या वकिलाला द्या. नर्सची चूकही असू शकते, ते कोर्ट बघेल.

रंकाळा | शनिवार, संध्याकाळी ६:१५

आणि कृष्णाकाठ, त्या टेंपोवाल्या पोराचं काय झालं?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:०५

फोन केला होता, यूपीआयवर नंबर होताच. कंपनीचं पत्र मालकाला जाईल बहुतेक, सांगून ठेवावं म्हटलं. म्हणाला, "आलं तर येऊ दे साहेब, मालकानं तुमच्या फोनच्या आधीच मला काढलाय. आता भोरला दुसरी गाडी बघणार हाय." आईने विचारलं, त्याचे तीन हजार परत करायचे का. अजून ठरलेलं नाही.